खालचा डावा कोपरा

३ मार्च

पुन्हा चिकटल्या. सगळ्याच्या सगळ्या!

काल निघताना प्रोग्राम चालू ठेवून आले होते. आज खांद्यावरची पर्ससुद्धा न उतरवता स्क्रीनसमोर बसले, तर पठ्ठ्याने पेशींचा अख्खा झुबका एकच पेशी म्हणून मोजून ठेवलेला. शिवाय खाली हिरवी खूण — काम पूर्ण झाले. निर्लज्ज.

तसं काम सांगायला सोपं आहे. रुग्णालयातून स्लाइडचे फोटो येतात, मायक्रोस्कोपमधून काढलेले. गुलाबी मैदान, त्यावर जांभळे ठिपके, एकेक ठिपका म्हणजे एकेक पेशी. प्रोग्रामने प्रत्येकीभोवती कुंपण घालायचं आणि मोजायचं, म्हणजे डॉक्टरांचे डोळे वाचतील. सुट्या पेशी कुणीही मोजील. पण या बाया शाळेच्या ग्रुप फोटोला उभ्या राहिल्यासारख्या — एकीचा खांदा दुसरीच्या पोटात, तिसरी मागून डोकावतेय. त्यांना वेगळं काढायचं, हे माझं काम. काय करतेस म्हणून कुणी विचारलं की मी सांगते, भांडणं लावते.

महिनाअखेर रुग्णालयाच्या लोकांना डेमो आहे. साहेब तीनदा येऊन गेले. पाठीमागे आम्ही त्यांना 'उद्यापर्यंत' म्हणतो, कारण त्यांचं प्रत्येक वाक्य तिथेच संपतं.

५ मार्च

आज पाणी भरून पाहिलं. खरं पाणी नव्हे. ही जुनी पद्धत — फोटो म्हणजे खड्ड्याखड्ड्यांची जमीन समजायची, जितका गडद रंग तितका खोल खड्डा. प्रत्येक खड्ड्यात तळापासून पाणी चढवत न्यायचं आणि दोन पाणी जिथे भेटतील तिथे बांध घालायचा. तो बांध म्हणजे दोन पेशींमधली हद्द. मला ही कल्पना फार आवडते. पहिल्यांदा समजली तेव्हा कितीतरी दिवस मी आंघोळीच्या बादलीतही बांध बघत होते.

पण एकाच पेशीत तीन खड्डे निघाले की तिचे तीन तुकडे! परवा सगळ्या मिळून एक, आज एकीच्या तीन. मधलं काही याला जमतच नाही. नवरा म्हणाला, तुझ्यावर गेलाय.

उद्या काहीतरी वेगळं करायला हवं. पाय एका जागी ठरत नाहीत. कॉफीच्या यंत्रापर्यंत उगाच चार चकरा मारल्या, कॉफी एकदाही घेतली नाही.

७ मार्च

पाण्याला रजा दिली. आता शिकवणीची पद्धत. माणसाने हाताने कुंपणं घातलेले फोटो प्रोग्रामला दाखवत राहायचे, बघून बघून तो शिकतो. म्हणजे शिकवणारा जसा, तसा हा. आणि शिकवणारी आमची ताई!

ताई म्हणजे माझी मोठी बहीण. आमच्याच इमारतीत, वरच्या मजल्यावर, एकटी. जन्मभर पॅथॉलॉजिस्ट — स्लाइड बघून गाठ साधी की वाईट ते सांगणारी. गेल्या वर्षी वरिष्ठांशी वाजलं आणि राजीनामा टेबलावर आपटून घरी आली. त्यानंतर नुसत्या येरझारा. भांडी घासलेली पुन्हा घासायची, माझ्या संसारात नाक खुपसायचं. शेवटी मीच साहेबांना गळ घातली, की कुंपणं घालायला हिला घ्या, हिच्याइतकी नजर कुणाची नाही. आता तिच्या जेवणाच्या टेबलावर ऑफिसने दिलेला मोठा स्क्रीन आहे, जेवण मांडीवर ताट घेऊन होतं, आणि बाई पुन्हा माणसांत आल्यात. तिच्याबरोबर दोन शिकाऊ डॉक्टरही फोटो करतात, पण ते आपले हाताखालचे. ताई ती ताई.

आज वर गेले तर शेजारी बसवून वर्गच घेतला. एका पेशीवर काठी ठेवली (खरीखुरी काठी, वेताची, स्क्रीनवर दाखवायला). डमरूसारखी पेशी — मधे बारीक, दोन्हीकडे फुगीर. मी म्हटलं, दोन.

"एकच आहे अजून," ताई म्हणाली. "विभागतेय. हिला तोडायचं नाही. हिच्यावर लाल खूण करायची."

अशी एखाददुसरी कुठेही सापडते, त्याचं काही नाही म्हणे. पण गाठीत डमरूंची गर्दी दिसली की समजायचं, गाठ घाईत आहे. कापून काढली तरी परत येणार. बाकी मोजण्यात शंभर चुका करा, या पेशींच्या बाबतीत करू नका, असं तिने मला दोनदा बजावलं. मी दोन्ही वेळा मान डोलावली. लहानपणापासून तिच्यासमोर माझी मान तेवढंच करते.

१० मार्च

उद्यापर्यंत, उद्यापर्यंत, उद्यापर्यंत!

ताईच्या गाडीला डाव्या अंगाने ओरखडा पडलाय, पुढच्या दारापासून मागच्या दिव्यापर्यंत. रोज सकाळी तीच भुंग्याला शाळेत सोडते. (भुंगा म्हणजे माझी लेक. झोपेतसुद्धा गुणगुणते.) मी विचारलं तर म्हणाली, पार्किंगमधला खांब जरा जास्तच पुढे आलाय. खांब! भुंगा म्हणाली, "मावशीने खांबाला सॉरी म्हटलं."

नव्या चष्म्यालाही शिव्या घालून झाल्या. चष्मेवाल्याने नंबर चुकवला, असं तिचं ठाम मत. तिच्या मते जगातली निम्मी माणसं नंबर चुकवणारी आहेत.

१२ मार्च

प्रोग्राम शिकलाय, पण अडकलाय. गुण (माणसाच्या कुंपणांशी याची जितकी जुळतील तितके) वर सरकतच नाहीत. विद्यार्थी बरा आहे, सुट्या पेशी, चिकटलेल्या पेशी, सगळ्यांना कुंपणं घालतो. मग चुका कुठे?

दुपारी सगळ्या चुका एकावर एक ठेवून पाहिल्या. म्हणजे सगळे फोटो एकाच चौकटीत रचायचे आणि जिथे जिथे चूक तिथे लाल टिंब द्यायचं. टिंबं सगळीकडे विखुरलेली असायला हवीत. तसं नाही! सगळा लाल रंग एकाच जागी साचलाय — खालचा डावा कोपरा. जसं काही कुणी शाईची बाटलीच तिथे कलंडली.

कोपऱ्यात चूक म्हणजे कोडमध्ये घोटाळा. फोटोचे तुकडे पाडताना कुठेतरी एक रांग घसरली असणार. सापडेल उद्यापर्यंत. (अरे देवा, मीही!)

१३ मार्च

कोड पहिल्या ओळीपासून वाचलं. सगळं बरोबर आहे. वैताग.

१४ मार्च

कोड नाही. ताई!

शिकाऊ डॉक्टरांच्या फोटोंत कोपऱ्यात काहीच गडबड नाही. ताईच्या फोटोंतच आहे, आणि तिच्याही गेल्या दीड-दोन महिन्यांतल्याच. त्या कोपऱ्यात पेशी आहेत, प्रोग्राम त्यांना नीट कुंपण घालतो. ताईने घातलेलंच नाही! म्हणजे हा बिचारा बरोबर करतोय आणि मी त्याचे गुण कापतेय.

साहेबांना सांगावं लागलं. त्यांनी दोन फोटो पाहिले, पेन टेबलावर टकटक केलं आणि म्हणाले, कंटाळल्या असतील तुमच्या ताई, वयही झालं, त्यांना मोकळं करू. मोकळं! मी म्हटलं, एक संधी द्या, मी बोलते.

बोलले. बोलायला नको होतं, निदान त्या सुरात तरी. वर जाऊन दारातच सुरू झाले — अर्धवट काम कशाला करतेस, कंटाळा आला तर सांग, मी शब्द टाकलाय तुझ्यासाठी, माझं तोंड काळं होतंय. ताईने चष्मा काढला. म्हणाली की ती प्रत्येक फोटो काठापासून काठापर्यंत बघते, पंचवीस वर्षं तेच केलंय, आणि धाकट्या बहिणीकडून शिकायची वेळ अजून आलेली नाही. मग दार लावून घेतलं. आपटलं नाही. आपटलं असतं तर बरं झालं असतं.

१५ मार्च

बोलणं बंद आहे. भुंग्याला मात्र शाळेत सोडलं. भुंग्याच्या डब्याच्या पिशवीत माझ्यासाठी धुतलेला डबा परत आला, रिकामा. ताई कधीच रिकामा डबा पाठवत नाही. म्हणजे चांगलंच लागलंय.

१७ मार्च

तोडगा निघाला! कोपरा झाकून टाकला.

सगळ्या फोटोंच्या खालच्या डाव्या कोपऱ्यावर काळा तुकडा बसवला — तिथलं मोजायचंच नाही, शिकवायचंही नाही. गुण सर्रकन वर. साहेबांनी चक्क खांद्यावर थाप मारली आणि पहिल्यांदाच 'आजच्या आज' काहीतरी म्हणाले, ते सगळ्यांना पेस्ट्री मागवायचं. कोपरा का बिघडला, असं कुणीतरी विचारलं. मी म्हटलं, मायक्रोस्कोपच्या दिव्याचा उजेड त्या बाजूला कमी पडत असेल, ताईला तिथे नीट दिसत नसेल. सगळ्यांनी माना डोलावल्या. आमच्या धंद्यात गुण वर गेले की कुणी पुढे विचारत नाही. मीही विचारलं नाही.

ताईचं कामही वाचलं. मग वर जाऊन माफी मागितली. म्हटलं, तुझी चूक नव्हती, दिव्याची होती. ती म्हणाली, माहीत होतं. आणि पुढ्यात खायला ठेवलं. समेट झाला.

१८ मार्च

दिवा असता तर शिकाऊ डॉक्टरांच्या फोटोंतही कोपरा बिघडला असता. तेच यंत्र, तोच दिवा.

हे मला आंघोळ करताना सुचलं. काल का नाही सुचलं? काल पेस्ट्री खात होते म्हणून.

२० मार्च

चैन पडत नाही. गुण चांगले आहेत, साहेब खूश, ताई खूश. मी मात्र पायात काटा मोडल्यासारखी फिरतेय.

संध्याकाळी वर गेले होते. ताईने वर्तमानपत्रातलं शब्दकोडं सोडवून टेबलावर टाकलेलं. ती कोडं अर्धं ठेवत नाही, तिच्या इभ्रतीचा प्रश्न असतो. खाली डावीकडची पाच-सहा घरं रिकामी होती. मी पेन घेऊन भरून टाकली, इतकी सोपी होती. ती स्वयंपाकघरातून आली आणि तिथल्या स्टुलावर धडकली. नडगीवर जुने निळे डाग दिसले. म्हणाली, स्टूल मधे कुणी ठेवलं. स्टूल तिथेच असतं, नेहमीच.

रुग्णालयाकडून एक मागणी आलीय. त्यांना खात्री हवी आहे की आमची माणसं भरवशाची आहेत — तोच फोटो त्याच माणसाला पुन्हा दिला तर तशीच कुंपणं घालतो का. ओळखू येऊ नये म्हणून आम्ही जुने फोटो उलटे करून देतो, आरशात दिसतात तसे, डावं उजवीकडे. माणसाला सांगायचं नाही. तिघांनाही दिले.

२४ मार्च

नीट लिहिते.

तिघांची उत्तरं आली. शिकाऊ डॉक्टरांची जुनी कुंपणं आणि नवी कुंपणं, उलट सुलट करून एकमेकांवर ठेवली तर जुळतात. ताईची नाही जुळत. मी तिचे दोन्ही फोटो शेजारी शेजारी लावले. पहिल्या वेळी खालच्या डाव्या कोपऱ्यातल्या पेशी तिने सोडल्या होत्या. उलट्या फोटोत त्याच पेशी उजवीकडे गेल्या, तर तिने त्यांना अगदी सुबक कुंपणं घातली, एकही न चुकवता. आणि पहिल्या वेळी जो कोपरा छान भरला होता, तो आता डावीकडे आल्यावर रिकामा! तोच फोटो, त्याच पेशी, तीच बाई. डावीकडे खाली असल्या की नाहीत. उजवीकडे नेल्या की आहेत.

म्हणजे दिवा नाही. कंटाळा नाही. फोटोचा कोपराच नाही तो. ताईचा आहे. ती जिथे जिथे बघते तिथे तो कोपरा नाही.

ओरखडा डावीकडे. स्टूल डावीकडे. शब्दकोडं.

आणि मी तिच्यावर ओरडले! मग तो कोपरा काळ्या तुकड्याने झाकला आणि पेस्ट्री खाल्ली!

भुंगा आजही तिच्याच गाडीतून शाळेत गेली. मागच्या सीटवर, डाव्या खिडकीशी बसते. तिला तीच जागा लागते.

ऑफिसातून सरळ शाळेत गेले आणि तिला आधीच घेऊन आले. ती म्हणाली, मावशी येणार होती ना. मी म्हटलं, मला तुझी आठवण आली. ती म्हणाली, मग रडतेस कशाला.

२५ मार्च

सांगायचं कसं? सकाळी आधी गाडीची किल्ली पळवली. ताईकडे गेले, बोलता बोलता खुंटीवरची किल्ली पर्समध्ये टाकली आणि सटकले. मूर्खपणा. दहाव्या मिनिटाला ती खाली! सगळी खोली धुंडाळली म्हणे, किल्ली कुठेय, तूच घेतलीस, भुंग्याला उशीर होतोय, हा काय पोरखेळ. नवरा भुंग्याला घेऊन चालत निघाला, शहाण्यासारखा. मग आम्ही दोघीच.

लॅपटॉप उघडला. दोन्ही फोटो शेजारी लावले. मला वाटलं होतं ती चिडेल. आणि नेमकं तेव्हाच लक्षात आलं की स्क्रीनच्या खालच्या डाव्या कोपऱ्यात जे आहे तेच मी तिला दाखवतेय. तिला ते दिसणारच नाही! मग लॅपटॉप उचलून तिच्या उजव्या हाताला वर धरला, भिंतीला टेकवून.

ती बघत राहिली. बराच वेळ. मग हाताने एकेका कुंपणावरून बोट फिरवलं आणि विचारलं, "ही रेघ माझी आहे?"

मी हो म्हटलं.

"डोळ्याचं नाही हे," ती म्हणाली. अगदी स्लाइडचा रिपोर्ट सांगताना काढायची त्या आवाजात. "आतलं आहे. उजव्या बाजूला, मागे."

मग तिने माझ्या पर्समधून स्वतःच किल्ली काढली आणि माझ्या हातात ठेवली. मला म्हणाली, आता भोकाड पसरू नकोस. मी पसरलं.

२७ मार्च

मेंदूचा स्कॅन झाला. आहे. लिंबाएवढी गाठ, तिने सांगितलं तिथेच.

मेंदूच्या डॉक्टरांनी समजावलं — डोळे ठणठणीत आहेत, चष्मासुद्धा बरोबर आहे, पण मेंदू त्या कोपऱ्याची चौकशीच करत नाही. अंधारही दिसत नाही तिथे, की माणसाला कळावं. काही नाहीच, आणि नाही हेही कळत नाही. बरीच माणसं कुठेतरी गाडी आदळल्यावरच येतात म्हणे. तुम्हाला इतक्या लवकर कसं समजलं, असं त्यांनी विचारलं. ताई म्हणाली, माझ्या बहिणीने माझे गुण कापले.

गाठ बहुधा साधी असेल असं वाटतंय त्यांना. नक्की मात्र काढल्यावर, तिचे पातळ काप करून स्लाइड बघितल्यावरच. ते ताईला सांगायची गरज नव्हती. तरी त्यांनी सांगितलं आणि तिने ऐकून घेतलं.

येताना चष्मेवाल्याच्या दुकानावरून आलो. ताई थांबली, आत गेली आणि त्याला म्हणाली, तुमचा नंबर बरोबर होता. त्याला बिचाऱ्याला काहीच कळलं नाही.

२८ मार्च

डेमो झाला. सकाळीच काळा तुकडा काढून टाकला आणि कोपऱ्यातली कुंपणं शिकाऊ डॉक्टरांकडून घालून घेतली. गुण थोडे उतरले. साहेबांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, ताईंचं नाव कामाच्या कागदांवरून काढायचं नाही. उद्यापर्यंत वगैरे काही नाही. चांगला माणूस आहे, घाईत असतो एवढंच.

रुग्णालयाच्या लोकांना आवडलं की नाही, माहीत नाही. मला आठवतच नाही मी काय बोलले ते.

१ एप्रिल

ऑपरेशन पुढच्या आठवड्यात. ताई घरात बसून काय करणार? काम करतेय! मी म्हटलं, विश्रांती घे. ती म्हणाली, कोपरा गेलाय, बाकीची मी आहे.

युक्ती तिनेच काढली. फोटो आधी सरळ बघायचा, दिसतील तेवढी कुंपणं घालायची. मग मी शेजारी बसून कळ दाबायची — फोटो उलटा. जे डावीकडे हरवलं होतं ते उजवीकडे येतं, आणि ती उरलेलं भरते. दर फोटोला सरळ, मग उलटा. "आता उलटं कर," असं ती म्हणते आणि मी कळ दाबते. संध्याकाळी भुंगाही येऊन बसते आणि तिच्या आधीच ओरडते, आता उलटं कर! ताटसुद्धा ती तसंच फिरवते. जेवण संपलं की अर्धा फेर, आणि उरलेली भाजी सापडली की हसते.

मला हसता येत नाही अजून. ऑफिसात बसले की घरी जावंसं वाटतं, घरी आले की वर जावंसं वाटतं, वर गेले की तिच्याकडे बघवत नाही.

४ एप्रिल

आज तिने घातलेल्या कुंपणांवर प्रोग्राम पुन्हा शिकवला. सरळ आणि उलट मिळून घातलेली. इतके चांगले गुण आजवर कुणाच्याच फोटोंवर आले नव्हते. तिला सांगितलं. म्हणाली, माहीत होतं.

८ एप्रिल

ऑपरेशन. गाठ निघाली. पूर्ण निघाली म्हणाले. शुद्धीवर आल्यावर पहिला प्रश्न, स्लाइड कधी तयार होतील?

११ एप्रिल

कोपरा अजून रिकामाच आहे. परत येईल किंवा नाही येणार. डॉक्टर 'बघू' म्हणतात. हा शब्द मला चांगलाच समजायला लागलाय.

डोक्याला पट्टी, एक बाजू सुजलेली, आणि हुकूम चालू. हे असं ठेव, ते तसं नको, नर्सला सुई धरता येत नाही. बरी आहे म्हणजे. आज मला म्हणाली, लहानपणी तू माझ्या डाव्या हाताला धरून चालायचीस, तेव्हापासूनच तू तिकडे असतेस. मी विषय बदलला.

स्लाइडचा रिपोर्ट सोमवारी येणार. ताईला तोवर दम निघत नाही. तिची एक जुनी विद्यार्थिनी आता तिथल्या प्रयोगशाळेत आहे, तिच्यामागे लकडा लावलाय — रिपोर्ट तुमचा तुम्ही द्या, फोटो मला आधी पाठवा. शेवटी तिने कबूल केलं. फोटो माझ्याकडे येईल.

जन्मभर दुसऱ्यांच्या गाठी बघितल्या, स्वतःची का नको, असं तिचं म्हणणं. मला नको आहे. मी सांगितलं नाही.

१२ एप्रिल

ताई घरी आली. भुंग्याने स्वयंपाकघराच्या दारातलं स्टूल बाजूला करून ठेवलं होतं, उजवीकडे.

१३ एप्रिल

फोटो आला. ताईच्या टेबलावर, मोठ्या स्क्रीनवर लावला. तिने चष्मा पुसला, काठी घेतली आणि सरळ फोटो बघितला — सावकाश, वरपासून खालपर्यंत.

"शांत आहे," ती म्हणाली. "कसली घाई नाही हिला."

खालच्या डाव्या कोपऱ्यात डमरू होते. एक नाही, दोन नाहीत. गर्दी.

माझं बोट कळीवर होतं. मी वाट बघत होते. ताईने काठी टेबलावर ठेवली, खुर्ची मागे सरकवली आणि म्हणाली, बंद कर आता, चहा टाक.

उलटं कर म्हणाली नाही. मीही केलं नाही.